व्हिक्टोरियाकालीन सुधारशाळा आणि तिथली मुलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या बालगुन्हेगारांवर कुठे बोलले किंवा लिहिलं की पुढचे काही दिवस प्रश्न येत राहतात. कायद्याचे विद्यार्थी विचारतात, शाळेतल्या शिक्षिका विचारतात, निरीक्षणगृहात काम करणारे तर हमखास विचारतात. बरेचसे प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून काढली. 'सुधारशाळा' म्हणजे रिफॉर्मेटरी स्कूल आणि 'उद्योगशाळा' म्हणजे इंडस्ट्रियल स्कूल, असं समजून वाचावं. या दोन्हींची गल्लत फार होते, तिच्याबद्दल प्रश्न ६ मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

१. सुधारशाळा म्हणजे तुरुंग होता की शाळा?

कायद्याने शाळा होती. पण मुलाला तिथून निघून जाता येत नसे, त्यामुळे मुलाच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही. १८५४ साली ब्रिटिश संसदेने कायदा केला. गुन्हा शाबित झालेल्या १६ वर्षांखालच्या मुलाला किंवा मुलीला २ ते ५ वर्षांसाठी अशा शाळेत पाठवण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटला मिळाला. या शाळा सरकारी नव्हत्या. धर्मादाय मंडळं, चर्चची माणसं, जमीनदार, समाजसुधारक त्या चालवत. गृहखात्याचा निरीक्षक तपासणी करून प्रमाणपत्र देई आणि सरकारी तिजोरीतून दर मुलामागे अनुदान येई. १८५०चं दशक संपेपर्यंत अशा चाळीसहून अधिक शाळा उभ्या राहिल्या होत्या.

शाळा खासगी असल्यामुळे कोणत्या मुलाला घ्यायचं हे व्यवस्थापक ठरवत. त्यांनी नाही म्हटलं तर मॅजिस्ट्रेटला जबरदस्ती करता येत नसे. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

२. १८५४ च्या आधी अशा मुलांचं काय करत?

मोठ्यांचं करत तेच. इंग्लंडच्या जुन्या कायद्याप्रमाणे ७ वर्षांखालचं मूल गुन्हेगार ठरत नसे. ७ ते १४ या वयात मुलाला बरं-वाईट कळत नाही असं गृहीत धरलं जाई, पण सरकारी बाजूने 'याला कळत होतं' एवढं पटवून दिलं की संपलं. मग तुरुंग, फटके किंवा काळं पाणी.

चॅथमला 'युरिॲलस' नावाचं मोडीत निघालेलं लढाऊ जहाज उभं होतं. १८२५ पासून १८४३ पर्यंत ते फक्त मुलगे कैद्यांसाठी वापरलं. टास्मानियात पॉइंट प्युअर या टोकावर १८३४ ते १८४९ या काळात हद्दपार केलेल्या सुमारे ३,००० मुलग्यांना ठेवलं होतं. १८३८ मध्ये आइल ऑफ वाइट बेटावर पार्कहर्स्टचा तुरुंग खास मुलांसाठी उघडला, तोही 'सुधारणा' म्हणूनच. पण सुरुवातीला तिथे मुलांच्या पायात बेड्या असत, आणि तिथून कित्येकांची रवानगी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला होई.

१८५४ नंतर तुरुंग बंद झाला असंही नाही. लंडनच्या वँड्सवर्थ तुरुंगाच्या १८७२ च्या नोंदवहीत कैद्यांचे फोटो आहेत. त्यात एक मुलगा आहे, वय वर्षं १०. गुन्हा : दोन ससे चोरले. शिक्षा : एक महिना सक्तमजुरी. मोठ्या माणसांचे फोटो लावलेल्या त्याच वहीत, त्याच मापाच्या चौकटीत हा पोरगा बसला आहे. एवढं एक पान पाहिलं तरी सुधारशाळेची मागणी करणारे लोक इतके का पेटले होते ते समजतं.

३. मुलं कोणत्या गुन्ह्यांसाठी जात?

बहुतेक सगळी चोरीसाठी. पाव, मांस, फळं, कोळसा, बुटांचा जोड, दोरीवर वाळत घातलेले कपडे, खिशातला रुमाल. रुमालावर आज हसू येईल, पण रेशमी रुमालाला जुन्या बाजारात चांगली किंमत मिळे. गवताच्या गंजी पेटवणं किंवा मारहाण अशी प्रकरणंही असत, पण थोडी.

४. सुधारशाळेत जाण्याआधी तुरुंगवास भोगावाच लागे, हे खरं आहे का?

खरं आहे. १८५४ च्या कायद्यात निदान १४ दिवस तुरुंगात काढण्याची अट होती. १८६६ मध्ये ती १० दिवसांवर आणली. १८९३ मध्ये ती न्यायालयाच्या मर्जीवर सोडली आणि १८९९ मध्ये पूर्ण काढून टाकली. म्हणजे जवळजवळ ४५ वर्षं इंग्लंडमधल्या मुलांना शाळेत जायची वाट तुरुंगातून होती.

समर्थकांचं म्हणणं असं : गरीब पण प्रामाणिक मजुराच्या मुलाला फुकट जेवण, कपडे आणि शिक्षण मिळत नाही. चोरी केलेल्याला ते सरळ मिळालं तर ते बक्षीसच झालं. तेव्हा आधी शिक्षा, मग शाळा. ग्लॉस्टरशरमध्ये हार्डविक इथे १८५२ मध्ये शेतावर सुधारशाळा काढणारे जमीनदार बार्विक लॉइड बेकर या मताचे होते, आणि सरकारचे पहिले निरीक्षक सिडनी टर्नरही. व्यवहाराचं एक कारण होतं. कोणती शाळा या मुलाला घ्यायला तयार आहे हे शोधायला दिवस लागत, आणि तोवर मुलाला ठेवायला दुसरी जागा नव्हती.

सुधारशाळांसाठी झटणाऱ्या मेरी कार्पेंटर (प्रश्न ५ पाहा) या अटीविरुद्ध मरेपर्यंत भांडल्या. ज्या मुलाला आपण 'तू मूल आहेस' असं सांगायला निघालो, त्याला पहिल्या दोन आठवड्यांत 'तू कैदी आहेस' असं कशाला शिकवायचं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. माझं मत त्यांच्याच बाजूचं आहे.

५. मेरी कार्पेंटर कोण?

१८०७ साली एक्सेटरला जन्मलेल्या, युनिटेरियन धर्मगुरूची मुलगी. आयुष्य ब्रिस्टलमध्ये गेलं. १८४६ मध्ये त्यांनी लुइन्स मीड या गलिच्छ वस्तीत फाटक्या कपड्यांतल्या पोरांसाठी शाळा काढली. त्यातली काही पोरं पकडली जात, तुरुंगात जात, सुटत आणि पुन्हा पकडली जात. शाळेच्या पटावरून तुरुंगाच्या पटावर आणि परत, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. १८५१ मध्ये त्यांनी सुधारशाळांवर पुस्तक लिहिलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात बर्मिंगहॅमला या विषयावर परिषद भरली. बर्मिंगहॅमचे न्यायाधीश मॅथ्यू डेव्हनपोर्ट हिल त्यांच्या बाजूला होते.

नुसतं लिहून त्या थांबल्या नाहीत. १८५२ मध्ये ब्रिस्टलजवळ किंग्सवुड इथे, जॉन वेस्ली यांच्या जुन्या शाळेच्या इमारतीत त्यांनी सुधारशाळा सुरू केली. मुलगे आणि मुली एकत्र ठेवणं जमेना, तेव्हा १८५४ मध्ये मुलींसाठी रेड लॉज उघडलं. कवी बायरनच्या पत्नीने पैसे दिले म्हणून ती वास्तू मिळाली. त्यांच्या भारतभेटींबद्दल प्रश्न १३ पाहा.

कल्पना एकट्या त्यांची नव्हती, हेही सांगायला हवं. फ्रान्समध्ये १८४० पासून मेत्रे इथे दमेत्झ नावाच्या न्यायाधीशाने मुलांची शेतवसाहत चालवली होती. तिथे मोठ्या कोठड्या नव्हत्या, घरं होती आणि प्रत्येक घर म्हणजे एक 'कुटुंब'. इंग्लंडच्या फिलान्थ्रॉपिक सोसायटीने १८४९ मध्ये लंडन सोडून सरे परगण्यात रेडहिलला शेतशाळा नेली ती हेच पाहून.

६. उद्योगशाळा आणि सुधारशाळा यांत फरक काय?

सुधारशाळा गुन्हा केलेल्यांसाठी, उद्योगशाळा गुन्ह्याच्या वाटेवर असलेल्यांसाठी. म्हणजे कागदावर तरी तसं.

उद्योगशाळांचं मूळ स्कॉटलंडमध्ये सापडतं. ॲबरडीनला १८४१ मध्ये शेरीफ (म्हणजे तिथले न्यायाधीश) वॉटसन यांनी शाळा काढली. मुलांनी सकाळी यायचं, तीन वेळा जेवायचं, थोडं शिकायचं, थोडं काम करायचं आणि रात्री घरी जायचं. भीक मागण्यापेक्षा तिथे पोट जास्त भरत होतं, म्हणून मुलं येत. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी कल्पना हीच. मुलाचं घर तुटत नव्हतं.

इंग्लंडमध्ये १८५७ च्या आणि मग १८६६ च्या कायद्याने उद्योगशाळा आल्या, त्या मात्र निवासी. भीक मागणारं, बेघर, अनाथ, आई-वडील तुरुंगात असलेलं, चोरांच्या संगतीत फिरणारं १४ वर्षांखालचं मूल तिथे पाठवता येई. 'हा आमच्या ऐकण्यात नाही' असं खुद्द बापाने येऊन सांगितलं तरी चाले. आधी तुरुंगवासाची अट नव्हती. पण मुदत लांब, १६ व्या वर्षापर्यंत जाऊ शकणारी. म्हणजे आठ वर्षांचं, कसलाही गुन्हा न केलेलं मूल आठ वर्षं आत राहू शकत होतं. शतकाच्या अखेरीला उद्योगशाळांतली मुलं सुधारशाळांतल्या मुलांच्या कितीतरी पट झाली होती.

७. मग लहान मुलाने खरोखर गुन्हा केला, तर कुठे पाठवत?

हा अपवाद परीक्षेत विचारतात. १८६६ च्या कायद्यानुसार १२ वर्षांखालच्या मुलाने तुरुंगवासाला पात्र असा गुन्हा केला आणि त्याच्यावर आधी गंभीर गुन्हा शाबित झालेला नसेल, तर त्याला उद्योगशाळेत पाठवता येई. १० वर्षांखालच्या मुलाला सुधारशाळेत पाठवायचं तर आधीचा गुन्हा असायला हवा किंवा शिक्षा वरच्या न्यायालयाने दिलेली असायला हवी. १८९३ मध्ये ही १० ची मर्यादा १२ वर नेली. त्यामुळे एकाच गल्लीतली, एकाच दुकानातून चोरी करणारी ११ आणि १२ वर्षांची दोन भावंडं दोन वेगळ्या संस्थांत जाऊ शकत होती.

८. दिवस कसा जाई?

पहाटे उठणं, प्रार्थना, काम, न्याहारी, काम, जेवण, काम, संध्याकाळी वर्ग, प्रार्थना, झोप. अभ्यासाला साधारण तीन तास आणि बाकी सगळं काम. खेड्यातल्या शाळांत शेती, कुदळकाम, विटा पाडणं. शहरांत शिवणकाम, चांभारकाम, सरपण फोडून मोळ्या बांधणं. मोळ्या विकून शाळेला पैसे मिळत, म्हणून हे काम सगळीकडे. पण मोळ्या बांधून पोराला पुढे कोणता धंदा येणार, ही टीका तेव्हाही झाली होती.

शिक्षा म्हणून छड्या, एकटं कोंडणं, नुसता पाव आणि पाणी. शाळाशाळांत फरक पुष्कळ होता. रेडहिलची घरं आणि शेतं वेगळी, आणि लेस्टरशरमधल्या माउंट सेंट बर्नार्डची गोष्ट वेगळी. तिथे ट्रॅपिस्ट पंथाच्या मठाने १८५६ पासून कॅथलिक मुलांसाठी सुधारशाळा चालवली. मौनव्रती साधूंच्या हाती शहरातली शेकडो पोरं दिली. दंगे झाले, मुलं पळाली, आणि १८८१ मध्ये शाळा बंद पडली.

९. जहाजांवरही सुधारशाळा होत्या म्हणतात. ती काय भानगड?

नौदलाने निकामी ठरवलेली लाकडी जहाजं नदीत नांगरून त्यांवर शाळा भरवत. लिव्हरपूलजवळ मर्सी नदीत 'अकबर' आणि कॅथलिक मुलांसाठी 'क्लॅरेन्स', लंडनजवळ थेम्समध्ये 'कॉर्नवॉल'. मुलांना खलाशी करायचं हा हेतू. चोहीकडे पाणी असल्यामुळे भिंतीचा खर्च वाचला.

पण शेकडो मुलं, पाच वर्षं, एका डोलणाऱ्या लाकडी पेटीत. त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. जानेवारी १८८४ मध्ये 'क्लॅरेन्स'ला मुलांनीच आग लावली आणि जहाज जळून गेलं. त्या मुलांवर खटला चालला, शिक्षा झाली. त्याच नावाने दुसरं जहाज आणलं, तेही १८९९ मध्ये जळालं. १८८७ मध्ये 'अकबर'वर बंड झालं आणि १७ मुलं होडी घेऊन पळाली. काही दिवसांत ती पकडली गेली. पळून गेल्यास काय होई ते प्रश्न ११ मध्ये आहे.

अजून एक. खलाशी व्हायला धट्टीकट्टी मुलं हवीत, म्हणून जहाजावर घेताना डॉक्टर तपासत. खुरटलेली, अधू, दम लागणारी मुलं नाकारली जात. मग त्यांच्यासाठी दुसरी शाळा शोधत बसायचं.

१०. मुलींचं काय?

मुलींची संख्या मुलांपेक्षा बरीच कमी होती, पण त्यांच्याकडे पाहण्याची नजर जास्त कडक होती. मुलगा चोर असला तर चोर. मुलगी चोर असली की 'बिघडलेली'. तिला शिकवायचं ते धुणं, इस्त्री, शिवण, स्वयंपाक, म्हणजे सुटल्यावर मोलकरीण म्हणून लागता येईल.

रेड लॉज आज ब्रिस्टलचं संग्रहालय आहे. एलिझाबेथ राणीच्या काळातलं घर, आत ओकच्या लाकडावर जमिनीपासून वरपर्यंत कोरीवकाम. अशा घरात झोपडपट्टीतल्या पोरी राहिल्या आणि दिवसभर धुण्याचे पाट चालले. मेरीबाईंना ही विसंगती वाटत नव्हती. मुलींना सुंदर जागेत ठेवलं पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटे. त्या स्वतः शेजारी राहत आणि रोज येत.

११. मूल पळालं, किंवा काम करायला नकार दिला तर?

१८६६ च्या कायद्यात दोन्हींसाठी ३ महिन्यांपर्यंत तुरुंग होता, हवं तर सक्तमजुरीसह. तो भोगून झाला की परत त्याच शाळेत. पळणाऱ्याला आसरा देणाऱ्यालाही दंड होता, आणि आसरा देणारी बहुधा आईच असे.

१२. आई-वडिलांना पैसे भरावे लागत का? मूल लवकर सुटू शकत होतं का?

पैसे भरावे लागत. ऐपतीप्रमाणे, आठवड्याला जास्तीत जास्त ५ शिलिंग. शेतमजुराची आठवड्याची मिळकत दहा-बारा शिलिंग असण्याचा तो काळ, त्यामुळे प्रत्यक्षात वसुली थोडीच होई. मुद्दा पैशांपेक्षा धाकाचा होता. पोराला मुद्दाम चोरी करायला लावून सरकारच्या अंगावर टाकू नये, म्हणून. वडिलांना एक हक्क मात्र होता : मुलाला आपल्याच पंथाच्या शाळेत पाठवा, असं ते सांगू शकत. आयर्लंडहून पोटासाठी आलेल्या कॅथलिक कुटुंबांना तो मोलाचा होता.

लवकर सुटकेची वाट म्हणजे परवाना. १८६६ नंतर १८ महिने झाल्यावर व्यवस्थापक मुलाला एखाद्या भल्या मालकाकडे कामाला ठेवू शकत. वागणं बिघडलं की परवाना रद्द. मात्र आईच्या घरी परत पाठवायला व्यवस्थापक सहसा तयार नसत. घर हेच दुखण्याचं मूळ, अशी त्यांची पक्की समजूत होती. मुलं पुढे लष्करात, जहाजांवर, खाणीत जात आणि काही थेट कॅनडासारख्या वसाहतीत. १८९१ च्या कायद्यानंतर परदेशी पाठवायला मुलाची स्वतःची संमती आणि गृहमंत्र्यांची परवानगी लागू लागली, आई-वडिलांची नव्हे.

१३. याचा मुंबई-पुण्याशी काही संबंध आहे का?

आहे. मेरी कार्पेंटर चार वेळा भारतात आल्या. पहिल्यांदा १८६६ मध्ये, शेवटची फेरी १८७५ मध्ये. मुंबईला उतरून अहमदाबाद, मद्रास, कलकत्ता असा त्यांचा प्रवास झाला. स्त्री-शिक्षिका तयार करण्यासाठी प्रशिक्षणशाळा, तुरुंगांची सुधारणा आणि मुलांसाठी सुधारशाळा ही त्यांची मागणी होती. हिंदुस्थान सरकारचा सुधारशाळा कायदा १८७६ मध्ये झाला आणि १८९७ मध्ये नवा आला. या नव्या कायद्यात १५ वर्षांखालच्या मुलग्याला ३ ते ७ वर्षं ठेवता येई, १८ व्या वर्षापर्यंत. मुलींचा त्यात समावेशच नव्हता.

मुंबईत मात्र कायद्याच्या आधीच, १८५७ मध्ये, डेव्हिड ससून यांच्या देणगीतून संस्था उभी राहिली होती. माहीमला आजही मुलांच्या संस्थेला त्यांचं नाव आहे. पुढे १९२४ चा मुंबई बालक कायदा आला आणि 'रिमांड होम' हा शब्द आपल्या बोलण्यात रुळला.

१४. बोर्स्टल म्हणजे हेच का?

नाही. बोर्स्टल हे केंट परगण्यातलं गाव. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला १६ ते २१ वयाच्या तरुण कैद्यांसाठी वेगळी पद्धत सुरू झाली आणि गावाचं नाव पद्धतीला चिकटलं. वय वेगळं, कायदा वेगळा, आणि ती सरकारी होती.

१५. मुलं खरंच सुधारत का?

सुटल्यावर तीन वर्षं मुलाचा माग ठेवून व्यवस्थापकांना कळवावं लागे : बरं चाललं आहे, शंकास्पद, पुन्हा शिक्षा झाली, मृत, ठावठिकाणा नाही. बहुसंख्य मुलं 'बरं चाललं आहे' या रकान्यात दिसतात. पण रकाना भरणारे शाळेचेच लोक होते, आणि ज्याचा पत्ता नाही तो कुठे गेला हे कोण सांगणार? तुरुंगात जाणाऱ्या १६ वर्षांखालच्या मुलांची संख्या १८५६ नंतर घटत गेली, ते खरं. त्याच काळात १८७० चा शिक्षण कायदा आला, मुलं वर्गात बसू लागली. श्रेय एकट्या सुधारशाळांना देता येत नाही, आणि त्यांच्याकडून पूर्ण काढूनही घेता येत नाही.

१६. दोन सशांसाठी एक महिना तुरुंग की पाच वर्षं शाळा, यातलं दयाळू कोणतं?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो आणि मलाही तोच सतावतो. सुधारकांचं उत्तर तयार होतं : पाच वर्षं ही शिक्षा नाहीच, ते शिक्षण आहे, आणि शिक्षणाला वेळ लागतो. एकदा 'हे तुझ्या भल्यासाठी' असं म्हटलं की गुन्हा केवढा, हा प्रश्नच उरत नाही. ससा चोरला काय, घर फोडलं काय, भलं व्हायला लागतील तितकी वर्षं.

मी काही वर्षं एका निरीक्षणगृहात शनिवारी मराठी शिकवायला जात होते. तिथला एक मुलगा वाचता वाचता थांबला. पुस्तकातून मान वर न काढता त्याने विचारलं, "बाई, इथून कधी सोडायचं ते कोण ठरवतं?" मी सांगितलं, मंडळ ठरवतं. तो म्हणाला, "त्यांना विचारायचं कसं?" मला उत्तर देता आलं नाही.

१८५४ च्या कायद्यात मुलाला विचारण्याची सोय नव्हती. मुदत मॅजिस्ट्रेट ठरवी, परवाना व्यवस्थापक देई, मुदतीआधी सोडण्याचा अधिकार गृहमंत्र्याकडे. तुरुंगातल्या पोराला निदान तारीख ठाऊक असे. सुधारशाळेतल्या पोराला जास्त चांगलं अन्न, अक्षरओळख, अंगावर धड कपडे मिळत, आणि कित्येकांना पहिल्यांदाच कोणीतरी नावाने हाक मारणारं भेटे. मला यातलं काहीच नाकारता येत नाही. दोन्ही एकाच संस्थेत होतं.

१७. कोणत्याच शाळेने मुलाला घेतलं नाही तर?

प्रश्न १ मध्ये म्हटल्याप्रमाणे शाळा नकार देऊ शकत होती. जागा नाही, मूल आजारी आहे, फार द्वाड आहे, पंथ वेगळा आहे, अशी कारणं असत. तुरुंगवास संपेपर्यंत शाळा मिळाली नाही तर मूल सरळ रस्त्यावर सुटे. मॅजिस्ट्रेटला हे ठाऊक असल्यामुळे काही जण शाळा शोधायला वेळ मिळावा म्हणून तुरुंगवासच लांबवत. १४ दिवस पुरले असते तिथे महिना. शिक्षेच्या हुकमात मात्र फक्त आकडा दिसतो, त्यामागचं कारण दिसत नाही.